पाणी झाडांसाठी हाय

न्हाई न्हाई पावणं, प्यायला न्हाई हे पाणी — मी नळाचंच पितो, फौजेत वीस वर्सं कुठलं कुठलं पाणी पचवलंय — हे पाणी गाळायचं मशीन झाडांसाठी हाय. हसा, हसा, समदं उंब्रज हसतंय. आकारामचं डोकं फिरलं म्हणत्यात, सोता नळाचं पितोय आन् झाडाला मशीनचं. आता तक्रार काय मी केली न्हवती, तुमच्या कंपनीचीच वर्साची फेरी असंल — पण कराडास्नं आलायसा ते लय बरं झालं. पंधरा दीस झालं, पानांची टोकं करपाय लागल्यात. मी म्हणलं ऊन लागत असंल, जाळी बांधली, तरी तेच. काय म्हणतंय तुमचं मीटर? तीनशे दहा? बघा म्हंजे, पाण्यातच क्षार. पन्नासच्या वर गेलं की ह्यांचं मरण. बोरचं सातशे येतं, त्यावर ऊस डोक्याच्या वर जातो, आन् हे वीतभर झाड मरतं.

या की, खिडकीत बघा. हात लावा, एकदा लावलं तर काय न्हाई होत. चिकाट हाय न्हवं? केसाकेसावर थेंब हाय, माशी बसली की पुन्हा उठत न्हाई. बिब्लिस म्हणत्यात ह्याला, ऑस्ट्रेलियातलं. माझ्या लेकीचं, संयोगिताचं, हे येड. शाळेची सहल कासच्या पठारावर गेल्ती, तितं बोटभर दवबिंदू बघितला — आपलं हितलं माशी खाणारं — आन् घरी येऊन तेच. तितनं उपटायला बंदी, मग कॉलेजात गेल्यावर पोस्टानं बी मागवाय लागली. खसखशीएवढं बी. माती न्हाई, नुसता नारळाचा भुसा आन् धुतलेली वाळू. पावसाचं पाणी कॅनात साठवायची. मला म्हणायची, आबा, ह्यांना काय घालायचं न्हाई, आपलं खाणं ती आपणच मिळवत्यात.

आन् मी घातलं. सांगू नये पण सांगतो, तुमचं तरी फिल्टर बसवूस्तवर काय करायचं. ती परीक्षेला पुण्याला गेल्ती आठ दीस. झाडं मला जरा पिवळी दिसली. ऊसवाल्याचा हात तो — पिवळं दिसलं की युरियाकडं जातोय. लय न्हाई, चिमूट-चिमूट. वाटलं, पोरगी येईल तवर कशी तरारून दावतो. चार दिसांत काळी पडली, चौदाच्या चौदा कुंड्या. ती आली, बघितलं, रडली न्हाई, भांडली न्हाई. कुंड्या धुतल्या आन् उन्हात पालथ्या घातल्या. म्हणली, "विचारायचं तरी, आबा." एवढंच.

त्याच साली तिचं लगीन केलं. सांगलीकडं दिली, पंचवीस एकर बागायत, दारात दोन ट्रॅक्टर, खायाप्यायाला कशाची ददात न्हाई. तिला विचारलं का? न्हाई. तवाबी न्हाई विचारलं. तिची आई असती तर तिनं विचारलं असतं, ती तर पोरगी धावीला असतानाच गेली. सातव्या म्हैन्यात पिशवी घेऊन दारात उभी. आबा, मला तितं जमत न्हाई. मारझोड हाय का म्हणलं, तर न्हाई म्हणाली. मग काय जमत न्हाई? तर म्हणती, तितं समदं हाय आन् मला श्वास घ्यायला येत न्हाई. मला काय कळतंय त्यातलं — का सांगतोय मी तुमाला हे — मी च्या पाजला आन् त्याच दिवशी फटफटीवर बसवून परत नेऊन घातली. वाटंत माझा खांदासुदीक धरला न्हाई, मागचा दांडा धरून बसली हुती.

वर्सानं तिच्या सासरचाच फोन आला, तुमची पोरगी निघून गेली म्हणून. मला वाटलं हितंच येईल. दोन दीस दारात खुर्ची टाकून बसलो, यष्टी थांबली की उठायचो. हितं कशाला येईल ती? बंगळूरला नोकरी करती म्हणून तिच्या मैत्रिणीकडनं कळलं. पाच वर्सं झाली.

तिच्या कपाटात एका डबीत थोडं बी उरलं हुतं. दोन वर्सं पेरलं, एक उगवलं न्हाई. मग तिची वही काढली. तिनं लिवलेलं — तिकडं रानाला आग लागून गेली की मगच हे बी उगवतं, धूर लागतो त्याला. मग धुराला काय तोटा हाय का आपल्याकडं? उसाचं पाचट पेटवलं, कुंड्यांवर पाटी पालथी घातली, धूर कोंडला. बाविसाव्या दिशी कोंब आला, दोऱ्याएवढा. अख्ख्या घरात सांगायला कोण न्हवतं. फोटो काढला आन् तिच्या नंबरला धाडला. तवापास्नं दर रविवारी एक धाडतो, हे मशीन बसवलं तवा त्याचाबी धाडला. दोन निळ्या टिका येत्यात. उत्तर न्हाई. गेल्या रविवारी करपलेल्या पानाचा धाडला आन् खाली लिवलं — काय करू? तसं मी कुणाला विचारत न्हाई काय, पण लिवलं. टिका निळ्या झाल्या. बास.

झालं? किती दावतंय? बावीस — झ्याक. ओटीपी? माझ्या फोनवर काय आलेलं न्हाई, तुमीच बघा की. दुसऱ्या नंबरवर? कुणाच्या? शेवटचे आकडे वाचा बरं.

पुन्हा वाचा.

थांबा, फोटो धाडतो त्यो नंबर काढून बघतो. कवा टाकली म्हणलासा तक्रार? रविवारी. रविवारी सांजच्याला. — त्योच नंबर हाय. लावा फोन, तुमाला ओटीपी तर लागंलच. मी जवळ हाय म्हणू नका. आवाज तेवढा मोठा ठेवा, मी खोकणारबी न्हाई.

…

बंद का केलासा? चार आकडे सांगितलं, पाणी किती दावतंय विचारलं, तुमी बावीस म्हणलासा — पण तिनं ठेवला न्हवता फोन. ऐकलं न्हाई तुमी? मागं कुकरची शिट्टी झाली. ती थांबली हुती. तुमीच ठेवलासा.

न्हाई न्हाई, रागवत न्हाई. तुमचं काम झालं, तुमी ठेवणारच. मलाच बोलायचं हुतं, मीच तोंड धरून बसलो. हत्यारं भरा. च्या पुन्यांदा कवातरी. जावा आता पावणं — उजेड हाय तवर मला फोटो काढायचाय.