माडांवरून गेलेला चेंडू

…फटका मान्य, चेंडू मान्य, माडांवरून गेला हेही मान्य, आणि मैदान मात्र नामंजूर! तुम्हाला सांगतो, तारकर्लीच्या शाळेत इतकी वर्षं मी मुलांना नीती शिकवतो आहे, पण ही कुठली नीती, ते मला अजून उमगलेलं नाही. संध्याकाळी देवापुढे बसावं, डोळे मिटावेत, नाम घ्यावं, तर नामाच्या जागी तो चेंडू… माडांवरून… जातोय, जातोय…

हा खेळ आमच्याकडे आणला कोणी? बोटीवरच्या गुणाजीने! कुणा अमेरिकन खलाशाने त्याला एक दांडा आणि एक चेंडू दिला, ते दोन्ही त्याने शाळेला दिले. बेसबॉल म्हणे! दांडा गोल, टोकाला जाड, मुठीशी बारीक, आणि तो घेऊन मी रस्त्याने निघालो की दारादारांतून एकच प्रश्न, "ह्या मुसळान काय कांडतलास, मास्तरांनू?" पण चेंडू… काय चेंडू हो तो! पांढरं कातडं, तांबडी शिवण, आणि शिवणीचे दुहेरी टाके मोजावेत तर किती? एकशे आठ! जपमाळेचे मणी! अशा वस्तूला मुलांनी बडवायचं? मी तो सरळ देव्हाऱ्यात ठेवला आणि सराव चालवला तो माडाखाली गळून पडलेल्या लिंबाएवढ्या कोवळ्या नारळांवर.

शिकवण माझी साधी. पाय खांद्यांइतके दूर, गुडघे सैल. दांडा आवळू नये, हलक्या हाताने धरावा. बळ दंडात नसतं, कमरेत असतं. नजर चेंडूवर, तो लाकडाला लागेपर्यंत. वाईट चेंडूच्या मागे लोभाने जाऊ नये, चांगल्याची वाट पाहावी. तिसऱ्या चुकीला क्षमा नाही. आणि धावायचं कसं? म्हटलं, "बाळांनो, चेंडू टाकणारा मधोमध उभा असतो, गाभाऱ्यात देव असतो तसा. चारी कोपऱ्यांना पाय लावून त्याला प्रदक्षिणा घालायची आणि घरी परत यायचं. पण आधी मारायला शिका, मग धावा!" आता मारणंच कुणाला जमेना, तेव्हा धावण्यापर्यंत आम्ही पोहोचणार कधी?

अशात शिक्षणखात्याचे एक साहेब आले. हा खेळ ते स्वतः खेळलेले! देवळामागची मोकळी जागा शाळेला द्यावी की तिथे काजू लावावेत, हे त्यांच्या एका शब्दावर ठरायचं होतं. साहेब म्हणाले, "मास्तर, चेंडू मी टाकतो. एका तरी मुलाने मारून पुरी फेरी करावी, जागा तुमची."

देव्हाऱ्यातून चेंडू काढला, नमस्कार केला, दिला. पहिला मुलगा आला, तीनदा वारा झोडपून गेला. दुसरा गेला. तिसरा तर चेंडू येण्याआधीच गेला! राहिला बाबली, मासे विकणाऱ्या कृष्णाबाईचा मुलगा. मी कानात म्हटलं, "घाई करू नको रे."

"नाय वो मास्तर. चांगलो येंदे."

आणि चांगला आला… टक्! अहो, काय तो आवाज! गुणाजीची विडी ओठांवरच राहिली, कृष्णाबाईने डोक्यावरची टोपली खाली ठेवली, आणि चेंडू उन्हात चढत चढत, माडांच्या शेंड्यांवरून, पलीकडे चमचमणाऱ्या दर्याच्या दिशेने, जातोय… जातोय… वाटलं, जीव देवाकडे जात असेल तो असाच जात असेल, न सांगता, न वळता…

खाली पाहतो तर बाबली डाव्या कोपऱ्याकडे धावतोय!

साहेब ओरडताहेत, "उजवीकडे! अरे, उजवीकडे!" हा प्रत्येक कोपऱ्याला हात जोडतोय आणि पुढे पळतोय! घरी पोहोचला, तर साहेब म्हणाले, "बाद!"

बाबली धापा टाकत म्हणाला, "बाद कसो? मास्तरांनी प्रदक्षिणा सांगितल्यानी. देव उजव्या हाताकच ठेवूक व्हयो ना?"

साहेब मनाने मोठे, खोटं कशाला बोलू? म्हणाले, "फटका नामी होता. पुन्हा धाव, दुसऱ्या बाजूने. जागा देतो."

तोच कृष्णाबाई पदर खोचून पुढे! "दुसऱ्या बाजून? उलटे फेरे चितेक घालतत, सायबानू! माजो झील जितो आसा!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी नुसतं 'धाव' म्हणायचं, की मैदान आमचं! बाबली एक पाय उचलून उभा, आई समोर, पाठीशी देऊळ, आणि माझ्या डोळ्यांपुढे… माडांवरून… अजून जातोय…

म्हटलं, "नको, साहेब."

साहेब जीपकडे वळले. मग जीपमध्ये चढता चढता म्हणाले, "मास्तर, तुमच्या मुलांना खो-खो शिकवा. त्यात पळणाऱ्याला दोन्ही बाजू मोकळ्या असतात."

…शिकवतोय. काजूच्या रांगा लागल्याच आहेत, त्यांच्यामधूनच शिकवतोय. काय करणार!