घासलेला नंबर

मी जव्हारजवळच्या साखरशेतचा. बाप भात-नाचणी करायचा, मीही केली, आणि शेतीचं काम सरलं की भिवंडीकडं वीटभट्टीवर जायचो. तिथं ट्रक धुता धुता चालवायला शिकलो. मग बारा वर्षं जव्हार-मोखाडा दुसऱ्याची जीप चालवली. काय सांगू तुम्हाला, स्वतःची जीप असावी, एवढंच मनात असायचं.

दोन वर्षांमागं नाशिककडचा एक दलाल जुनी जीप घेऊन आला. आमच्याकडं बैल घेताना नांगराला जुंपून बघतात, तशीच मी ती बघितली. पाड्यातली दहा माणसं भरली आणि दाभोशाचा चढ चढवला. धूर बघितला, टायर बघितले, ब्रेक बघितला. मागं बसलेला म्हातारा काका म्हणाला, अरे गाडी चांगली हाय, कण्हतोय तो मी. सगळे हसले. बायको म्हणाली, कागद बघितले का? मी म्हटलं, गाडी चढली ना, आता कागदानं काय चढायचंय? ती बचत गटात जाते, तिला बँक ठाऊक. अडूनच बसली, पैसे हातात द्यायचे नाय, दलालाच्या खात्यावर टाकायचे, लिहून घ्यायचं, सही घ्यायची, आधारची प्रत घ्यायची. मी रागावलो, पण केलं तिच्या मनासारखं.

नारळ फोडला, महिनाभर पुसून-धुऊन चालवली आणि मग गाडी नावावर करायला आरटीओत गेलो. तिथल्या साहेबानं टायर बघितला नाय, ब्रेक बघितला नाय. खाली वाकला, चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर टॉर्च मारला, बोट फिरवलं. म्हणाला, दादा, मूळ नंबर घासून वर दुसरा ठोकलाय. जीप थेट पोलीस ठाण्याच्या आवारात गेली. हवालदार म्हणाला, चोरीचा माल घेणाराही आत जातो, ठाऊक हाय ना? बायकोनं ते सगळे कागद टेबलावर ठेवले. ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी एकेक वाचला आणि म्हणाले, यांना खुर्ची द्या.

मग मुंबईहून तपासणीचे साहेब आले. मलाही उभं केलं. मी मनात आमच्या धान्याच्या देवीला, कणसरी मातेला हात जोडले, आई, तो जुना नंबर वर येऊ देऊ नको. नंबर आला तं गाडी गेली, एवढं मला कळत होतं. साहेबांनी लोखंड घासून आरशासारखं केलं, कापसानं कसलंसं पाणी लावलं, पुसलं, परत लावलं. बराच वेळ काय नाय. आणि मग, खोटं नाय सांगत, त्या सपाट लोखंडातून आधी एक सात दिसला, मग शून्य, मग पुढचे. मातीतून कोंभ यावा तसे. मी विचारलं, साहेब, घासलेलं कसं आलं? ते म्हणाले, ठोकताना घाव खोल जातो बाबा. चोरानं वरवरचं घासलं. माझी गाडी जात होती आणि मी बघतच राहिलो. लोखंड असं आतून धरून ठेवतं, हे कुणाला ठाऊक?

त्या नंबरावरून खरा मालक सापडला, सिन्नरचा भाजीवाला. त्याची तक्रार चार वर्षं पडून होती. कोर्टानं गाडी त्याला दिली. माझी गरिबी बघितली नाय, नंबर बघितला. मला म्हणाले, तुम्ही चोर नाय, पण जी गाडी चोराची नव्हतीच, ती दलाल तुम्हाला कशी विकेल? तुमचे पैसे दलालाकडून मागा. तो मालक निघताना म्हणाला, दादा, लई नीट ठेवलीत. मी त्याला क्लच जरा कडक हाय म्हणून सांगितलं.

आता परत दुसऱ्याची जीप चालवतो. दलालावर केस हाय, तारखेला जातो. पैसे येतील, नाय येतील. पण पोलीस ठाण्यावरून जाताना मान खाली घालावी लागत नाय. तुम्ही गाडी घ्याल तं आधी वाकून बघा. देव करो आणि ती तुम्हाला लाभो.