आईचा डावा हात

...आणि वर दुकानदार मलाच विचारतो, "साहेब, आवाज येईल असं तुम्हाला कोणी सांगितलं?" आता तुम्हीच बोला, काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असलेलं वाद्य, पट्टी दाबली की वाजणार, हे काय कोणी सांगावं लागतं? मी ते खोक्यातून काढलं, पुसलं, टेबलावर मांडलं, वायर लावली, दिवा लागला, छान निळा दिवा, आणि पट्टी दाबली. काही नाही. दुसरी दाबली. काही नाही. बायको दारात उभी राहून म्हणते, "अहो, जरा जोर लावा की." जोर लावला. आतल्या खोलीतून आई म्हणते, "दार कोण वाजवतंय?" आणि मी आपला दाबतोय.

मग मेहुण्याला फोन. मेहुणा गाण्याच्या कार्यक्रमांत सिंथ वाजवतो, म्हणजे ते बटणंच बटणं असलेलं यंत्र, आणि त्याचं प्रत्येक वाक्य एकाच शब्दावर येऊन बसतं. "भाऊजी, सोप्पंय. तो मिडी कीबोर्ड आहे. तो वाजत नाही, तो फक्त निरोप देतो. कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली. वाजायचं काम दुसऱ्याचं. कॉम्प्युटरला जोडा, सॉफ्टवेअर टाका, सोप्पंय." म्हणजे राबायचं याने आणि आवाज दुसऱ्याचा. तुम्हाला सांगतो, मला त्या कीबोर्डबद्दल तिथेच आपुलकी वाटायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, या वयात ही हौस कशाला? अहो, हौस कसली? मी चष्म्याच्या दुकानात बसतो. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं बदलत "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?" एवढंच विचारतो. हे सगळं होतं आईसाठी. आई पूर्वी लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. दुपारी डबे झाले की सगळी पोरं सतरंजीवर आडवी करायची आणि कोपऱ्यात बसून पेटीवर एक धून वाजवायची, पोरं झोपेपर्यंत. त्या पोरांत मीही असायचो. पुढे शाळा बंद झाली, पेटी कुठे गेली कोणास ठाऊक, पण धून आईच्या पोटात राहिली. अजूनही दुपारी खुर्चीत तिचे डोळे जड झाले की येते ती... पडदा हलत असतो, कुठेतरी नळ टपटपत असतो, आणि ती धून येते, अर्धी नाकातून, अर्धी श्वासातून... मग आई झोपते आणि धूनही तिच्यासोबत आत निघून जाते. मला सुरुवातीचे चार सूर येतात. पुढचं येत नाही.

आणि आई निघाली होती ताईकडे. कायमची. तिला आमचे जिने चढवत नाहीत, ताईचं घर तळमजल्यावर, सगळं ठरलेलं, सगळं मान्य. पण निदान ती धून तरी माझ्याकडे राहावी की नाही? फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं. तिच्या तोंडाशी फोन धरला, तर आला फक्त पंख्याचा आवाज, आणि शेवटी आईचा, "काय करतोयस रे?" जागेपणी विचारलं तर म्हणते, "मी? मी कुठे गाते? ते काय गाणं आहे का? पोरं झोपवायला नुसते हात हलवायचे." म्हटलं ठीक आहे, हात तर हात. हातांना पट्ट्या देऊ. दुकानदार म्हणाला होता, यातून हवं ते वाद्य वाजतं, पेटीसुद्धा. ते वाद्य आहे कुठे, हे त्याने सांगितलं नाही.

बरं, जोडलं कॉम्प्युटरला. आवाज आला. पण कधी? पट्टी आत्ता दाबायची, सूर सावकाश येणार, जांभई देत. आईचं बोट तिसऱ्या पट्टीवर तेव्हा पहिलीचा सूर. आई म्हणाली, "हे ताईच्या फोनसारखं आहे. आपण बोलून गप्प बसलो की मग तिचं हॅलो येतं." मेहुणा म्हणाला, "सोप्पंय, मी माझा सिंथ आणतो, तो लगेच वाजतो." आणला, गोधडीत गुंडाळून, झोपलेलं पोर आणावं तसा. कीबोर्ड कॉम्प्युटरला, कॉम्प्युटर सिंथला, सिंथ स्पीकरला, घरभर वायरी, बायको पाय उचलून उचलून चालतेय, आणि आवाज? शून्य. "आता ऐकू येतंय?" "नाही." "आता?" "नाही." आणि मी आपला दाबतोय.

शेवटी काय निघालं? कीबोर्ड बोलत होता एक नंबरवर आणि सिंथ ऐकत होता तीन नंबरवर. कुणाचंच काही बिघडलेलं नाही, दोघंही शहाणे, पण नंबर जुळत नाही. मेहुण्याने एक बटण फिरवलं आणि जुळला. मी बायकोकडे बघितलं, बायकोने माझ्याकडे बघितलं. असलं बटण आम्हाला लग्नाच्या वेळी कोणी दाखवलं नाही.

आईची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी. ही शेवटची दुपार. आई बसली, उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि डावा हात गेला कीबोर्डच्या मागे... हवेत चाचपडायला लागला. "भाता कुठाय?" मेहुणा म्हणाला, "काकू, याला भाता नसतो. वीज असते." आई म्हणाली, "असू दे वीज. माझा हात कुठे ठेवू?" आणि वाजवले चार सूर, मला येतात तेच, आणि थांबली. परत चार, परत थांबली. "पुढे हात जात नाही रे. पुढचं सगळं भात्यात होतं." ती अगदी ओशाळून हसली.

पण मेहुणा, सोप्पंय न म्हणता, उठला. कीबोर्डच्या डाव्या कडेला एक छोटं चाक असतं, पुढे-मागे फिरणारं. ते त्याने सॉफ्टवेअरमध्ये जाऊन सिंथच्या आवाजाला बांधलं. चाक पुढे ढकललं की सूर फुगणार, मागे ओढलं की विझत जाणार. त्याने आईचा डावा हात उचलून त्यावर ठेवला. आईने एकदा ढकललं. एकदा ओढलं. खोलीने श्वास घेतला म्हणा ना... आणि चार सुरांनंतर पाचवा आला. मग सहावा. आईचे डोळे मिटले, पडदा हलायला लागला, वायरी, टेबल, मेहुणा सगळं लांब लांब जायला लागलं, मला सतरंजीचा वास आला, डब्यांचा वास आला, कुणीतरी माझ्या डोक्यावरून...

"उठा रे, शाळा सुटली."

डोळे उघडले तर आई समोर उभी, मेहुणा जमिनीवर पसरलेला. मी म्हटलं, "रेकॉर्ड झालं?" मेहुणा म्हणाला, "लाल बटण तुम्ही दाबलंत ना?" मी म्हटलं, "मला वाटलं तू." इतके दिवस मी आपला दाबतोय, आणि दाबायचं तेवढंच राहिलं. आईला म्हटलं, परत वाजव ना. तर म्हणते, "आता कशी? आता झोप कुणाला आलीय?"

मी डोकं धरून बसलो. आणि मेहुणा कॉम्प्युटरच्या पडद्यावर शोधता शोधता ओरडला. त्या सॉफ्टवेअरमध्ये म्हणे सोय असते, लाल बटण दाबलं नाही तरी मघाशी आलेले निरोप ते गुपचूप धरून ठेवतं. मेहुण्याने मागितलं, त्याने दिलं. हिरवे हिरवे छोटे तुकडे, म्हणजे आईची बोटं, आणि खाली एक वर-खाली जाणारी रेघ, आईचा डावा हात. मधे एक मोकळी जागा होती. मी म्हटलं, इथे बिघडलं वाटतं. बायको म्हणाली, "नाही हो. मी पाहत होते ना. तिथे आई उठल्या, तुमच्या अंगावर चादर घातली आणि परत बसल्या."

आई ताईकडे गेली. मेहुण्याने सिंथ अजून नेलेला नाही, मी मागितलेला नाही, त्याने विचारलेलं नाही. दुपारी दुकानातून घरी येतो, बटण दाबतो. पट्ट्या हलत नाहीत, खुर्ची रिकामी, आणि आई वाजवतेय. आज शेवटपर्यंत ऐकायचंच म्हणून मी ताठ बसतो. तोंडावर पाणी मारून बसलो, उभ्याने ऐकून पाहिलं. चार सूर, पाचवा, सहावा... त्या मोकळ्या जागेपर्यंत मी अजून एकदाही जागा पोचलेलो नाही. बायको म्हणते, शेवट फार सुंदर आहे. असेल. मी तिला सांगून ठेवलंय, मोकळी जागा आली की चादर तेवढी घाल.