गिरणीशेजारचं घर विकणं आहे

मंडळी, आधी एक सांगा. एकही शब्द खोटा न बोलता माणसाला फसवता येतं का? ...हसताय? म्हणजे येतं!

मिरजेत केशवराव बिडकर म्हणून होते. धंदा घरांच्या दलालीचा, पण स्वतःला समजायचे साहित्यिक! जाहिराती स्वतः लिहायचे. 'नदीचं सान्निध्य' — म्हणजे श्रावणात नदी थेट स्वयंपाकघरात! कुणी भांडायला आलं की म्हणायचे, "यातला एक शब्द खोटा दाखवा!" दाखवणार कसा?

त्यांच्याकडे आल्या सुमतीबाई पोंक्षे. यजमान गेलेले, लेक नागपूरला. तिच्याकडे कायमचं जायचं, म्हणून घर विकायचं. घर भक्कम, मागं पेरूचं झाड. पण भिंतीला लागून काय? पिठाची गिरणी! आठ ते आठ — घर्रर्र!

बिडकरांनी लिहिलं, 'चैतन्यमय परिसर. सुसंस्कृत कुटुंबास प्राधान्य.' चैतन्यमय! वा रे पठ्ठ्या!

आणि घर दाखवायचे कधी? मंगळवारी. गिरणीला सुट्टी! एका जोडप्याला घर पसंत पडलं. बुधवारी ते वडिलांना घेऊन आले — आणि पट्टा फिरला! ताटं थडथडायला लागली. म्हातारबाबा जाता जाता म्हणाले, "बाई, दिसता तर चांगल्या घरच्या!"

सुमतीबाईंचा चेहरा उतरला. "केशवराव, तीस वर्षं या गल्लीत काढली. लबाड कुणी म्हटलं नव्हतं मला."

"पण मी खोटं कुठं लिहिलं?"

"खरं लपवलंत. आणा तो कागद!"

बाईंनी स्वतः लिहिलं — 'गिरणीशेजारचं घर विकणं आहे. आठ ते आठ आवाज असतो, मंगळवारी नसतो. भिंती मजबूत, पाणी भरपूर.' आणि 'सुसंस्कृत' वर काट!

"अहो, ते तरी राहू द्या!"

"का? घर विकतोय की माणसांची परीक्षा घेतोय?"

बिडकरांना वाटलं, नाक कापलं गेलं. आपलं नाव खाली छापूसुद्धा दिलं नाही त्यांनी! पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही. बिडकर मनातून खूश — बघा, घ्या खरेपणा!

सोळाव्या दिवशी एक गृहस्थ आले. दस्तगीर मुजावर, बँडमास्तर. पहिलाच प्रश्न, "आवाज खरंच असतो ना?"

बिडकर सवयीनं म्हणाले, "छे, अगदी थोडासा..."

"थोडासा? मग नको." आणि निघालेच की!

मंडळी, बिडकर चपला न घालता मागं धावले! "अहो, असतो! भरपूर असतो! भांडी पडतात फळीवरून!" जन्मात पहिल्यांदा माणूस पोटातून खरं बोलला!

मुजावर हसले. "घरात चार पोरं क्लॅरिनेट वाजवतात, साहेब. तीन घरं सोडावी लागली. लोक आवाजाचं कारण सांगतात. कधी कारण दुसरंच असतं, ते 'सुसंस्कृत'सारख्या गोड शब्दात घालतात."

बिडकरांची मान खाली गेली. तो गोड शब्द कुणाचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घर मुजावरांनी घेतलं. सुमतीबाई ताठ मानेनं नागपूरच्या गाडीत बसल्या. त्यानंतर बिडकरांच्या जाहिराती आखूड झाल्या, पण घर बघून शिव्या देत परतणारी माणसंही कमी झाली.

आता तुम्ही! बिडकरांना हसलात ना? मग पोराच्या स्थळाच्या कागदावर 'मनमिळाऊ' कुणी लिहिलं? आईशीसुद्धा धड बोलत नाही तो!

तेही सोडा. रोज देवाला म्हणता, 'माझ्या हृदयात येऊन राहा.' आणि दाखवता काय? झाडलेली ओसरी! आतल्या खोल्यांना कुलूप! अरे, उघडा ती दारं. सगळा पसारा दिसू द्या. घर बघून परत जाणाऱ्यांतला तो नाही!