उशाशी सगळे बोलतात

...आणि वर दिग्दर्शक मला म्हणतो, "काकू, श्वास जरा कमी घ्या, पांघरूण हलतंय!" आता श्वासही ह्याला विचारून घेऊ? तुम्हाला सांगते, मालिकेत मी नायकाची आई. जिन्यावरून पडले. म्हणजे पडली माझ्या जागी दुसरीच, मी थेट दवाखान्याच्या खाटेवर उगवले, बेशुद्ध! तेव्हापासून आडवी. उशाशी सून रडते, मुलगा शपथा घेतो, खलनायिका कटकारस्थानं करते... सगळ्यांना संवाद आणि मला नाकात नळी! मी नटी आहे हो, उशी नाही!

बरं, आडवं पडणं सोपं वाटतं? सुनेचं ग्लिसरीन टपकन् माझ्या कानात, पुसायची सोय नाही. दिव्यांच्या उबेनं डोळा लागला, की ध्वनिवाला ओरडतो, "काकू, बेशुद्ध माणसं घोरत नाहीत!" मी म्हटलं, "मेल्या, तू किती जणांशेजारी झोपलायस?"

त्यात मेकअपवाली कानात कुजबुजली, "काकू, लेखक तुम्हाला मारतोय." न बोलताच? तडक गेले लेखकाकडे. "अरे, जाता जाता निदान 'बाळा' तरी म्हणू दे!" तर हा चहात बिस्किट बुडवत म्हणतो, "काकू, तुमचं मौनच फार बोलतं." मौन बोलतं म्हणे! मग त्या मौनालाच झोपव की खाटेवर! मी नटी आहे हो, उशी नाही!

मग काय केलं असेल मी? मुलगा माझा हात धरून हंबरडा फोडत होता, कॅमेरा हातावर... मी हळूच बोट हलवलं! आमच्याकडे सकाळी केलेलं संध्याकाळी घरोघरी दिसतं, पुन्हा तपासायला वेळ कुणाला? दुसऱ्या दिवशी वाहिनीकडे प्रेक्षकांचे फोन थांबेनात, "आई शुद्धीवर येतेय का?" आता मारतो कसा, बघूच!

घरी आरशासमोर 'बाळा' घोटत बसले. रडवेलं बाळा, थरथरतं बाळा... आमचे हे आतून म्हणाले, "कुणाचं बाळ सांभाळायला आणलंयस?" म्हटलं, तुम्ही गप्प बसा, तुम्हाला बसता येतं!

शुद्धीवर यायचा तो दिवस आला. संवादाचे कागद आमच्याकडे ऐनवेळी मिळतात, मला मिळालेच नाहीत. म्हटलं, एका शब्दाला कागद कशाला? डोळे उघडले, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं... आणि मालिकेतला डॉक्टर मध्येच वाकून म्हणतो, "अभिनंदन! आई शुद्धीवर आल्या. पण त्यांची वाचा गेलीय."

तेव्हा मी त्याच्याकडे जे काही बघितलं ना... सेटवर टाळ्या! दिग्दर्शक धावत आला, "वा काकू! आता वर्षभर अस्संच बघायचं!"

बघतेय. पाठीला तक्क्या दिलाय, तेवढंच.