ढुंगणओढ्यावरचा आन्सेल्म

...आणि वर मलाच म्हणतात, "तुला काय रे आन्सेल्म, डोंगरातला माणूस तू!" अहो, डोंगरातला झालो म्हणून काय घसरलंच पाहिजे? समुद्रकाठचे सगळे पोहतात का? तुम्हाला सांगतो, तीस हिवाळे बर्फाच्या उतारावरच्या त्या स्की-लिफ्टच्या खोपटाबाहेर उभा आहे मी, पॅरिसवाले म्हणू नका, इंग्रज म्हणू नका, सगळ्यांच्या तंगड्यांमध्ये ती दांड्याची थाळी सारायची (आम्ही तिला ढुंगणओढ्या म्हणतो, कारण ती तेच करते, माणसाला ढुंगणाखालून वर ओढते) आणि बोंबलायचं, "बसू नका! गुडघे वाकवा! समोर बघा!" अख्खं जग वर पाठवलं मी! आणि स्वतः? पायात स्की घातली नाही कधी!

का म्हणून काय विचारता? लहानपणी गोठ्यातल्या गायी कोण बघणार? पोरं पुढे गेली, मी मागे राहिलो, मग लाज वाटायला लागली, आणि लाज वाटायला लागली की माणूस शिकतो का? लपवतो! कुणी म्हणालं, चल एक फेरी मारू, की माझा गुडघा दुखायचा. कधी डावा, कधी उजवा. डोंगरातला माणूस ना!

सगळं सुरळीत चाललं होतं हो! आणि आमची सोलेन, एकुलती एक, परीक्षा पास होऊन आली. स्कीच्या मास्तरांचा लाल कोट! तिच्या आईनं तो तीन दिवस खुंटीला टांगून नुसता बघितला. मी रडलो म्हणा ना, त्यात काय... आणि रडता रडता आठवली गावची रीत! नव्या मास्तराचा पहिला धडा घरच्या माणसाला, आणि त्यानं वरून थेट ओदिलच्या कॅफेच्या दारापर्यंत स्कीवरच यायचं. स्की काढून चालत आला, तर मास्तराला जन्माचं नाव पडतं. सेराफां मास्तराचा मेव्हणा एकाहत्तर साली चालत आला, तर सेराफां मरेपर्यंत 'पायी सेराफां'. थडग्यावरसुद्धा तेच कोरलंय!

बायकोला पाठवा म्हणाल. तिच्या कमरेचं ऑपरेशन झालंय. खरंच झालंय, माझ्या गुडघ्यासारखं नाही. मी म्हटलं, "आज जमायचं नाही, गाय विणार आहे." तर ही म्हणते, "अहो, ती ऑक्टोबरातच व्याली, वासरू तुमचा कोट चघळतंय!"

गेलो. माझ्याच खोपटाबाहेर माझ्याच जागी माझा मदतनीस फिरमँ उभा. "बसू नका, साहेब! गुडघे वाकवा!" मेल्या, हे तुला मी शिकवलं! आणि मी काय करावं? बसलो!! तिसऱ्या खांबापाशी आडवा. लगेच कर्ण्यातून, "खांबाजवळ पडलेल्या गृहस्थांनी कृपया वाट मोकळी करावी..." वाक्यसुद्धा माझंच हो!

सोलेन आली. म्हटलं आता काय लपवायचं... "सोले, मला येत नाही. कधीच येत नव्हतं."

ती म्हणाली, "मग मला कसं शिकवलंस, बाबा? तीन वर्षांची होते मी, तू खालून ओरडायचास..."

"लिफ्टवर ओरडतो तेच ओरडलो गं."

माझ्याशेजारी बर्फात बसून हसत सुटली, हसता हसता डोळे पुसले पोरीनं. "आणि मी तेच ऐकून शिकले. ऊठ. आता मी ओरडते."

पुन्हा लिफ्ट, पुन्हा तो फिरमँ, पोहोचलो एकदाचा वर. खाली बघितलं तर आमचं चर्च काडेपेटीएवढं! "बाबा, पाय चीजच्या त्रिकोणासारखे कर, पुढची टोकं जवळ, टाचा लांब!" केले. अडीच तास केले! ऐंशी वर्षांच्या मादाम पेर्नोले मागून आल्या, "शुभ सकाळ, आन्सेल्म" म्हणून खाली गेल्या, लिफ्टनं वर आल्या आणि पुन्हा मागून आल्या, तरी मी त्याच वळणावर! डोंगरातला माणूस ना!

चर्चपाशी पोहोचलो, तर कॅफे अजून खालीच. हात गेला हो स्कीच्या खटक्यापाशी, खोटं कशाला बोलू? दाबला की सुटलो. पण डोळ्यांपुढे आलं, तेवीस वर्षांची पोर माझी, आणि लग्नात, बारशात, सगळीकडे 'पायी सोलेन'... हात मागे घेतला. शेवटचे चार मीटर रांगत गेलो. स्की पायात होत्या! उभंच राहिलं पाहिजे असं रीतीत कुठं आहे?

कॅफेपुढे अख्खं गाव, गरम वाइन, टाळ्या. फिरमँ ओरडतो, "तीस वर्षं वाट बघत होतो आम्ही!"

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, दर वेळी गुडघा बदलायचास तू!"

तर सोलेनला नाव पडलं नाही. पण गाव नाव ठेवायलाच जमलं होतं, ते रिकाम्या हातानं घरी जाणार का? मला पडलं. बेकरीत गेलो की, "या, सोलेनचे विद्यार्थी!" चर्चमध्ये पाद्री, "विद्यार्थी कसा आहे?" घरात बायको, "अहो विद्यार्थी, धारा काढायला चला!" चिडलो, भांडलो, दोन दिवस बोललो नाही कुणाशी... काय उपयोग? परवा मागून कुणीतरी "आन्सेल्म, आन्सेल्म" करत होतं. बराच वेळ मी वळून बघितलंच नाही हो, म्हटलं असेल कुणीतरी दुसरा.