बारा परके

क्लीव्हलंडच्या कोर्टात ज्युरीसाठी, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत बसण्यासाठी, बोलावलेले आम्ही नाव पुकारायची वाट बघत होतो. पुढच्या बाकावर एक बेकरीवाली बाई शेजारच्या म्हाताऱ्या बसचालकाशी बोलत होती.

“मी सूट मागणारेय, काका. दुकान बंद ठेवून परक्याच्या भानगडीत कशाला पडू?”

“तुमची मर्जी.”

“तुम्ही नाही मागत?”

“नाही. एकवीस वर्षांपूर्वी माझ्यावर चोरीचा आळ आला होता. तेव्हा असेच बारा जण समोर बसले होते.”

“ओळखीचे?”

“छे. चार दिवस त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला निर्दोष सोडलं. एक आजी तर काठी टेकत यायच्या. त्यांचं नावही मला ठाऊक नाही.”

बाईने दुकानातल्या मदतनिसाला फोन लावला.

“लावर्न, आज पाव नाहीत अशी पाटी लाव दारावर. उद्याचंही सांगता येत नाही.”